समोरच्या पार्टीची सही

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. बावीस वर्षांपासून मी लोकांचे अर्ज लिहिते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण साहेब लोकांनी परत पाठवलेल्या अर्जांवर झालं. कोणत्या वाक्याला अधिकारी मान हलवतो आणि कोणत्या वाक्याला चष्मा काढतो, हे मला न शिकवता कळतं. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाचा दयेचा अर्ज मीच लिहायचा, हे घरात कोणाला ठरवावं लागलं नाही.

कुलदीप सैन्यात मेजर होता. हे 'होता' लिहायला मला आठ महिने लागले. दोन वर्षांखाली एका सरावात त्यानं आपल्या तुकडीला पाठीवर वजन देऊन पहाटेपासून चालवलं. त्यात अंकुर नावाचा जवान तापानं फणफणलेला होता. तेविसाव्या किलोमीटरला पडला, तो उठला नाही. अंकुर दर्यापूरचा. आपल्याकडचं पोरगं म्हणून कुलदीपचा त्याच्यावर जीव होता. लष्करी न्यायालयानं कुलदीपला बडतर्फ केलं, वरून दोन वर्षांची कैद दिली. त्यावरचा अर्ज फेटाळला गेला. आता उरले राष्ट्रपती.

"ते शिक्षा माफ करू शकतात," वकील म्हणाले. "पण चूक कबूल करून, नम्रपणे मागायचं. आणि सही त्याचीच पाहिजे."

नम्रपणा माझ्या टेबलावर रोज लागतो. चार पानं लिहिली. चौदा वर्षांची नोकरी, बर्फात मिळवलेलं पदक, आमच्या आईचं, पार्वताबाईचं, वय. न्यायालयात त्यानं जे सांगितलं होतं तेही जसंच्या तसं उतरवलं : 'सदर जवानाने आजारपणाची कोणतीही तक्रार केली नव्हती.'

मग मी जे केलं, ते आमच्या कचेरीसमोरच्या कोणीही केलं असतं. बांधावर डोकं फुटो की लग्नात खुर्च्या उडोत, शेवटी समोरची पार्टी स्टॅम्प पेपरवर लिहून देते, आमची आता काही तक्रार नाही, आणि प्रकरण मिटतं. असे कागद मी शेकड्यानं लिहिलेत. दिल्लीतही माणसंच बसतात, म्हटलं. वकिलांना न विचारता दर्यापूरची बस धरली.

अंकुरचे वडील शालिकराम ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी सुपडं बाजूला सारून मला जागा करून दिली.

"बसा बाई. चहा मांड वो," त्यांनी आत आवाज दिला. बायको बाहेर आली नाही. पडद्याआडून फक्त हात आला, कपबशी धरलेला.

मी कागद वाचायला घेतला तर म्हणाले, "राहू द्या. सही केल्यानं त्याचं भलं होत असन तं होऊ द्या. आमचं तं जे व्हायचं थे झालं."

त्यांनी सावकाश सही केली. खाली मुक्काम, तालुका, जिल्हाही लिहिला. पेन मला परत देताना म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा न भाऊ."

"त्याले ताप होता म्हन्ते. मंग त्यानं सांगितलं कावून नसन? फोनवर म्हने, बाबा, साहेब आपल्याच बोलीत बोलते. मंग आपल्या मानसाले सांगाले काय झालं होतं? माहं तेवढंच अडकून हाय."

"मी भावाले विचारून सांगते."

"विचारा. घाई नाही."

घाई नाही म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. "विचारलं का?"

तुरुंगात भेटीच्या खोलीत मधे काच असते आणि बोलायला फोन. मी तो कागद काचेला असा लावून धरला, जसं काही मलाच पदक मिळालं.

"तू दर्यापूरले गेलती?" कुलदीप म्हणाला. "कोनाले विचारून?"

"कोनाले विचारू? तू तं इथं बसून हाय."

"त्याईनं सही देली?"

"चहाबी देला." मग मी शालिकरामांचा प्रश्न सांगितला.

त्यानं काचेआडून ती सही पुन्हा वाचली, मुक्काम, तालुका, जिल्ह्यासकट.

"ताई, त्यानं सांगितलं होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येईल.

"म्हने, साहेब, मले जमून नाही राहिलं. मी हसलो. म्हटलं, वऱ्हाडचा ना तू? चाल. तो बी हसला. आनखी चार किलोमीटर चालला."

"अन् कोर्टात?"

"कोर्टात कोन सांगन? बाकीच्याईले आमची बोली समजत नव्हती. समजनारे दोघंच होतो." त्यानं कपाळ काचेला टेकवलं. "ते वाक्य काढ. हे लिही. मंग सही करतो."

"हे लिहिलं तं अर्ज मेला, कुलदीप. मी नुसतं वाक्य काढते. न लिहिलेलं काही खोटं नसते."

"ताई," तो म्हणाला. एवढंच. लहानपणी मी त्याच्या दुधात पाणी घातलं की असंच म्हणायचा. "अन् त्याईले सांग."

मी पुन्हा दर्यापूरला गेले. या वेळी अंकुरची आई दारात येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं, कुलदीपच्याच शब्दांत, तो हसल्याचंही.

"म्हंजे सांगितलं होतं त्यानं," शालिकराम म्हणाले. "मले वाटे, लाजलं असन पोरगं. लहानपनी ताप लपवे, शाळा बुडन म्हनून."

"तो कागद आना," त्याची आई म्हणाली.

मी पिशवीतून काढून दिला. तिनं फाडला नाही. नीट घडी घातली आणि आत घेऊन गेली.

"तिचं बरोबर हाय," शालिकराम म्हणाले. "बसा. बस पाचले हाय." चहा आला नाही. मी बसले. आम्ही दोघं पाचपर्यंत शेंगा सोलत राहिलो.

वकिलांना मागाहून सांगितलं तर ते हसले. "ताई, हे बांधाचं भांडण नाही. इथं समोरची पार्टी म्हणजे सरकार. त्या कागदाला तिथं कोणी विचारलं नसतं." म्हणजे मी त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन जे उकरलं, ते फुकटच.

नवीन वाक्यासह अर्ज लिहिला. वकिलांनी त्याचं इंग्रजी करवून घेतलं. 'वऱ्हाडचा ना तू? चाल' याचं इंग्रजी पाहिलं. त्यात कोणी हसलेलं दिसत नव्हतं. कुलदीपनं सही केली. जेलरमार्फत अर्ज गेला.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. सर्व मुद्द्यांचा विचार करून अर्ज अमान्य. कोणत्या मुद्द्याला मान हलली, कोणत्याला चष्मा निघाला, काही पत्ता नाही. माझी बावीस वर्षं त्या दीड ओळीपुढे आंधळी झाली.

आईनं ते पत्र दोनदा वाचायला लावलं. "त्याईनं वाचलं असन का वो सारं?"

"वाचतात. सगळं वाचतात." हे मी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे.

"मंग आता कोनाले लिहायचं?"

राष्ट्रपतींच्या वर कोणाची कचेरी असते, मला ठाऊक नाही. म्हटलं, "पाहते."