गुडघ्यातला मंत्र

"उठ, रेवामाई की बालू, उठ!"

महाराजांनी डोळे मिटून आरोळी ठोकली, आणि काचेच्या उभ्या नळीच्या तळाशी निपचित पडलेली नर्मदेची वाळू खरोखर उठली! दाणे पाण्यात वर चढले, गिरक्या घेऊ लागले. पाटन रोडवरचा मंडप जयघोषाने दणाणला. ढोलक घुमली.

शहराच्या गोरखपूर भागातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी एकता आपल्या काकूंना न्यायला आली होती. नळीतून ओसंडणारं गढूळ पाणी भक्त तीर्थ म्हणून घटाघटा पीत होते. शेजारच्या टोपलीत त्यांनी टाकून दिलेली औषधं उन्हात तापत होती. गोळ्यांची पाकिटं, दम्याचे पंप, इन्सुलिनच्या कुप्या.

"दवा म्हणजे अविश्वास!" महाराज गरजले. "ज्याच्या खिशात गोळी, उसकी बालू नहीं उठती!"

"काकू, इन्सुलिन सोडलं तुम्ही?"

"मग? माझी वाळू उठली ना!" कलावतीकाकूंनी पायाच्या अंगठ्यावरची चिंधी लुगड्याखाली सरकवली. चिंधी पुवाने भिजली होती. "काहून चिडून राहिली तू? अंगठा सुधरून राहिला माझा."

त्या वासाने एकताच्या डोक्यात तिडीक गेली. ती महाराजांकडे टक लावून बघत राहिली. 'उठ' म्हणताना भगव्या शालीखालचा त्यांचा उजवा गुडघा अलगद वर येई. तो आसनावर टेकला, की वाळू बसे.

ती उभी राहिली. "महाराज, माझ्यासाठी पण उठवा वाळू. फक्त गुडघा हलवू नका."

ढोलक थांबली. ती थांबताच पडद्यामागच्या पाण्याच्या मोटारीची घुरघुर सगळ्यांना ऐकू आली.

"नास्तिक है! बाहर निकालो इसको!" महाराज ओरडले.

पुढच्या रांगेतले अंबादासजी महाराजांचे पक्के भक्त. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, एकदा दाखवूनच द्या. हिचं तोंड बंद होऊन जाईल."

आता सुटका नव्हती. महाराजांनी मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला, घसा फोडून म्हटला. वाळू ढिम्म!

एकताने आसनाचं टोक धरून ओढलं. महाराज कलंडले. खाली मोटारीकडून काचेच्या नळीकडे जाणारी रबरी नळी होती. तिने ती बोटांनी दाबून धरली.

"उठ, बटाट्याची भाजी, उठ!" म्हणत तिने बोटं सोडली. वाळू थाटात उठली. मग तिने काचेच्या नळीत एक गोटा टाकला. तो सरळ तळाला गेला. "हा काय पापी आहे? नाही. जड आहे! मोटार खालून पाणी ढकलते. वाहतं पाणी कणाकणाला धडकतं, आपल्या वेगातला थोडा वेग त्याला देतं. तो रेटा वजनाला पुरला, की कण उठतो. रबरी नळी दाबली, पाणी मंदावलं, की बसतो. यात देव कुठे आला?"

अंबादासजी मान खाली घालून टोपलीत आपल्या गोळ्या शोधू लागले. गोंधळात महाराज मागच्या वाटेने पसार झाले. तेवढ्यातही दोघं-तिघं त्यांच्या पाया पडलेच. एकताला किळस आली.

तिने काकूंना तडक इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा कापावा लागला.

"मला काहून नाही दिसला गं त्याचा गुडघा?" काकूंनी रडत विचारलं.

कारण कोणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले. म्हणून सांगणं एवढंच, चमत्कार दिसला तर डोळे उघडे ठेवा, प्रश्न विचारा. आणि औषध सोडा म्हणणारा कितीही मोठा बुवा असो, त्याच्यासमोरून उठा आणि डॉक्टरकडे जा.