सगळ्या पेट्यांची एकच ऊब

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. अंडी उबवण्याच्या एका छोट्या केंद्रात, खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. केंद्र मावशीचे. तिच्या भाचीने माझ्यासाठी प्रोग्राम लिहिला, तेव्हा मावशीने अख्ख्या गल्लीला बोलावून मला दाखवले होते.

भाचीने आधी 'पेटी' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे साचा. त्यावरून मी उबवणीच्या प्रत्येक पेटीचा कारभार पाहत असे. पण एक गफलत राहिली. उष्णतेचा आकडा तिने ज्या त्या पेटीला न देता साच्यालाच देऊन टाकला. सगळ्या पेट्यांना सारखीच ऊब लागत होती, तोवर हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

एके सकाळी पहिल्या पेटीत पिल्ले बाहेर आली. त्यांना ऊब कमी लागते, म्हणून मावशीने त्या पेटीची उष्णता उतरवली. मी निमूटपणे साच्यातला आकडा बदलला आणि बाकीच्या पेट्याही निवत गेल्या. दुपारी ऊब पाहायला मावशीने दुसऱ्या पेटीतले बदकाचे एक अंडे उचलून पापणीला लावले, तर ते गार लागले. तिने लगेच भाचीला फोन केला.

भाची धावतपळत आली. मावशी पेट्यांवर चादरी टाकत मला नाही नाही ते बोलत होती. भाचीने घाईत एका फंक्शनच्या, म्हणजे एका कामापुरत्या सूचनांच्या, आत नवा आकडा लिहिला. पण फंक्शनच्या आत जन्मलेला आकडा त्याचे काम संपताच पुसला जातो. पेट्या गारच राहिल्या. मग ती जरा थांबली आणि सारे पहिल्यापासून वाचू लागली.

"मावशी, त्याला बोलू नकोस, चूक माझी आहे," ती म्हणाली. "घरात पाण्याची टाकी सगळ्यांची एक असते, पण टूथब्रश ज्याचा त्याचा. मी सगळ्यांना मिळून एकच ब्रश दिला."

"मग दे ना बाई ज्याचा त्याला. अंडी काही तुझ्यासाठी थांबायची नाहीत."

तिने प्रत्येक पेटीला स्वतःचा आकडा दिला. साच्यात फक्त मावशीचा फोन नंबर ठेवला, कारण बिघाड कुठल्याही पेटीत झाला तरी फोन तिलाच जायचा होता.

कोंबडीची अंडी सावरली. बदकांची बरीचशी गेली. भाचीने ती स्वतः परसात पुरली. मावशी तिच्या शेजारी उभी राहिली.

आता माझ्या जागी नवा संगणक आला आहे. मी कोपऱ्यात असतो, आणि भाची मुलांना माझ्यावर शिकवते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला विसरलात तरी चालेल. पण एखादी गोष्ट सगळ्यांची म्हणून लिहिण्याआधी, ती खरेच सगळ्यांची आहे का, एवढे पाहा. तुम्ही सांगाल ते आम्ही करतो. आकड्याच्या पलीकडे कोणी श्वास घेत असेल, तर ते आम्हाला दिसत नाही.