तानुबाईंचा आग्रह

दहा डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे शाळाशाळांतून मानवी हक्कांची आठवण निघते. एरवी वर्षभर ते कपाटात पडलेले असतात. त्या दिवशी बाहेर काढायचे, झटकायचे, हार घालायचा आणि संध्याकाळी परत ठेवून द्यायचे. बोरीजवळच्या एका शाळेत यंदा ही झटकाझटकी सुमंगला मॅडमच्या वाट्याला आली होती.

सुमंगला मॅडम मराठी शिकवत. बाई तशी हाडाची शिक्षिका. काम अंगावर पडलं की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. भाषणं ठेवायची नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. भाषणात मुलं पेंगतात. त्यापेक्षा कुणीतरी आपल्यावर गुजरलेलं आपल्याच तोंडानं सांगावं, म्हणजे मुलांच्या काळजाला भिडेल. विचार चांगलाच होता. आणि माणूस शोधायलाही त्यांना लांब जावं लागलं नाही. स्टाफरूममध्ये समोरच्याच खुर्चीवर विज्ञानाचे सिद्धोधन सर पेपर तपासत बसले होते.

“सर, त्या दिवशी तुम्ही बोला ना.”

“कशावर मॅडम?”

“म्हणजे... तुम्हाला जे भोगावं लागलं त्यावर. लहानपणी वगैरे. जातीपायी.”

सरांचा लाल पेन थांबला. मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही. “थोडंच बोला, पण असं बोला की मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!”

“बघू,” सर म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे शेंबड्या पोरालाही कळतं. मॅडमना कळलं नाही. त्या रोज विचारत राहिल्या. सर रोज ‘बघू’ म्हणत राहिले. आणि एक दिवस त्यांनी मॅडमच्या टेबलावर लग्नपत्रिका ठेवली.

“रविवारी आमच्या राजेश्रीचं लग्न आहे. धाकटी बहीण. सगळ्या स्टाफनं यायचं. तुमच्या कार्यक्रमाचं त्याच्यानंतर बघू.”

सरांचं गाव येलदरीच्या रस्त्याला. रविवारी मुख्याध्यापक अप्पारावांसह सगळा स्टाफ जीपमधून तिथं पोचला. बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, फुलं पडली, मंगल परिणय थाटात पार पडला. मग जेवणाची गडबड सुरू झाली आणि सरांचे वडील चंद्रभान हात जोडून अप्पारावांपुढं आले.

“सर, तुमची सोय तिकडं हाय. कनात लावलीय बघा. आचारी जिंतूरचा हाय, तुमच्यातलाच. भांडी बी त्याचीच. काई फिकीर करू नका.”

“चंद्रभान, अहो कशाला एवढी तकलीफ! आपण काही मानत नाही बुवा असलं,” अप्पाराव म्हणाले. आणि असं म्हणता म्हणता सगळ्यांच्या आधी कनातीकडं चालू लागले.

ही तिथली रीत. दलित वस्तीतल्या लग्नाला गावातली वरची मंडळी येतात, आहेर करतात, नवरा-नवरीवर फुलं टाकतात. जेवण मात्र वेगळं. पूर्वी ह्या मंडळींच्या घरी कोरडा शिधा पोचवायचे. आता कनात आणि आचारी. प्रगती झाली, दुसरं काय! आणि सगळं इतक्या गोड बोलून चाललेलं की त्यात कुणाला काही खुपत नाही. सुमंगला मॅडमनासुद्धा त्या घटकेला खुपलं नाही, उलट ‘किती व्यवस्थित ठेवलंय सगळं,’ असंच त्यांच्या मनात आलं.

जेवणाआधी नवरीला भेटावं म्हणून त्या घरात गेल्या. राजेश्री पांढऱ्या साडीत बसली होती. शेजारी तिची आई तानुबाई बुंदीचे लाडू ताटात रचत होत्या. मॅडमनी नवरीच्या हातात आहेर दिला आणि कुठलीही बाई कुठल्याही लग्नात बोलते तेच त्या बोलून गेल्या.

“तानुबाई, आमच्या पंगतीला आग्रहाला तुम्हीच या हं. नवरीच्या आईच्या हातचा लाडू घेतल्याशिवाय मी काही पानावरून उठायची नाही!”

राजेश्रीनं मान खाली घातली.

“बाई, मी न्हाई येत तिकडं,” तानुबाई म्हणाल्या.

“का हो? दमलात?”

“दमायला काय झालं? लेकीचं लगीन हाय.” तानुबाईंनी हातातला लाडू खाली ठेवला. “माझ्या थोरलीच्या लग्नात गेल्ते. लय आनंदात व्हते बघा, भान न्हाई राह्यलं. लाडवाचं ताट घेतलं अन् शिरले कनातीत. पहिल्याच पानावर लाडू ठिवला, तर ते पाव्हणं उठलं. मंग शेजारचं उठलं. बघता बघता समदी पंगत उठली. कोणी शिवी दिली न्हाई, का हात लावला न्हाई. निस्ते उठले अन् चालते झाले. आमच्या ह्यांनी पायावर डोकं ठिवलं. दुसऱ्या दिशी घरोघर शिधा नेऊन दिला, माफी मागितली. कशाची माफी? मी लाडू वाढला त्याची! थोरलीला सासरी अजून बोलतेत, हिच्या लग्नात पंगत उठली म्हून.”

सुमंगला मॅडमचे डोळे भरून आले. पदरानं पुसले तरी पुन्हा भरले. आणि खरं सांगायचं तर, त्या रडण्यातही त्यांच्या मनात येऊन गेलंच, की हे असंच्या असं मुलांपुढं सांगितलं तर!

दारात सिद्धोधन सर उभे होते. त्यांनी मॅडमच्या चेहऱ्यावरचं वाचलं असावं.

“मॅडम, अनुभव पाहिजे होता ना तुम्हाला? हा घ्या. पण हा जुना नाही, चालू आहे. तुमचं ताट तिकडं मांडलंय.”

मॅडमना आत्ता कुठं उमगलं. इतके दिवस आपण सरांकडं त्यांचं दुःख मागत होतो, आणि त्या दुःखातलं एक पान आपल्याच नावाचं होतं!

“मी नाही जात तिकडं,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “मी तुमच्या पंगतीला बसते. आत्ता, सगळ्यांसमोर.”

“नका बाई,” तानुबाई चटकन म्हणाल्या. “गाव म्हणंल, ह्यांनीच मास्तरीणबाईला फितवलं अन् पाव्हण्यांची बेइज्जती केली. तुमी सांच्याला जीपमधी बसून जासाल. आमाला हितंच राहायचंय.”

“मग मी करू तरी काय?”

“ते मला कामून इचारता?” तानुबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यातली मऊपणाची साय निघून गेली. “माझी गोष्ट ऐकून लय जणी रडल्या, बाई. डोळे पुसले अन् त्याच पंगतीत जाऊन बसल्या. त्या रडण्यानं त्यान्ला बरं वाटलं आसंल, माझ्या हाताला काय मिळालं? सोसायचं बी आमी, सांगायचं बी आमीच, अन् आता पुढचं बी आमीच करायचं व्हय? माझं मी सांगितलं. तुमचं तुमी बघा.”

मॅडम कनातीत येऊन बसल्या खऱ्या, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. एका बाजूला अप्पाराव, दुसऱ्या बाजूला शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष नागेशराव, ह्याच गावातलं बडं प्रस्थ. पानावर पुरी आली, वांग्याची भाजी आली. आपण उठून जावं? मग थोरलीच्या लग्नात उठले त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? पंगतीतून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. मग गप बसून जेवावं? तेही होईना. त्या मांडी बदलत होत्या, पाणी पीत होत्या, पुन्हा मांडी बदलत होत्या.

तेवढ्यात कनातीच्या फटीतून त्यांना तानुबाई दिसल्या. लाडवाचं ताट हातात घेऊन त्या बाहेर उभ्या होत्या आणि तिथूनच वाढप्यांना सांगत होत्या, “त्या मास्तरान्ला वाढा की हो, पान खाली दिसायलंय. अन् बाईन्ला बुंदी द्या.” स्वतःच्या लेकीचं लग्न, स्वतःचे पाहुणे, आणि आई मात्र कनातीबाहेर! मॅडमना ते बघवेना.

“तानुबाई!” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “आत या! लाडू तुम्हीच वाढा!”

वाढप्याचा हात भाताच्या परातीवरच राहिला.

“मॅडम, कशाला उगीच...” अप्पाराव पुटपुटले.

नागेशरावांनी घास खाली ठेवला. “बाई, गावागावाची एक रीत आसती. त्या आत आल्या तर पंगत उठंल.”

नागेशराव अध्यक्ष होते. त्यांच्या एका शब्दावर माणसाची शाळा बदलायची. पण आता माघार नव्हती.

“पंगत आपोआप उठत नसते, नागेशराव. एकेक माणूस उठतो. मी नाही उठणार. तुमचं तुम्ही ठरवा.”

तानुबाई कनातीच्या कडेशी येऊन थांबल्या. पाय अडला होता. मागं चंद्रभान “नगं, नगं” म्हणत हात हलवत होते. मॅडमना वाटलं, आता ह्या परत फिरणार. आपण आगाऊपणा केला, ह्या बाईची दुसऱ्या लेकीच्या लग्नातही शोभा केली!

आणि तानुबाईंनी पाऊल आत टाकलं!

“थोरलीच्या येळेला तुमी उठलात, मी गप राह्यले,” त्या सगळ्या पंगतीकडं बघत म्हणाल्या. “आज गप न्हाई ऱ्हायची. ज्याला उठायचं त्यानं खुशाल उठावं. पण तोंडानं सांगून उठावं. तानुबाई, तुझ्या हातात खोट हाय म्हून उठलो, आसं मह्या लेकीच्या मांडवात सांगा, अन् मंग जा.”

कोण बोलणार? मुकाट्यानं उठून जाणं सोपं असतं. कशासाठी उठलो ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायला छाती लागते. नागेशराव मात्र उठले. काही न सांगताच उठले. त्यांच्यामागं आणखी दोघं उठले. पंगत हलली. कुणी इकडं बघे, कुणी तिकडं.

तानुबाईंनी सुमंगला मॅडमच्या पानावर लाडू ठेवला. मॅडमनी तो उचलून तिथल्या तिथं खाल्ला. मग तानुबाई अप्पारावांपुढं वाकल्या. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

“नको नको, मला शुगर आहे.”

“सर,” तानुबाईंनी विचारलं, “खरंच हाय का शुगर?”

ह्या साध्या प्रश्नानं अप्पाराव पार उघडे पडले. मघाशी त्यांनी नुसती बुंदी दोनदा मागून घेतली होती, आणि ते सगळ्या स्टाफनं बघितलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. जन्मभर ‘आपण काही मानत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, की खरंच मानत नाही का?

“नाही हो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “शुगर नाही मला.” आणि त्यांनी पानावरचे हात काढून घेतले.

मग पंगत बसून राहिली. तानुबाई एकेका पानापुढं वाकत गेल्या. पहिल्यांदा दबकत, मग हक्कानं, मग भांडून. “आवो, एवढ्यानं काय व्हतंय, अजून एक घ्या की! मह्या राजेश्रीच्या नावाचा घ्या!” आवाज असा मोकळा झाला होता, की बाहेरच्या पंगतीतली माणसंसुद्धा माना वळवून बघू लागली.

जेवणं झाली. चंद्रभान टोपी हातात घेऊन नागेशरावांच्या मागं जायला निघाले होते. पाय धरायची सवय अशी एका दिवसात जात नाही. सिद्धोधन सरांनी त्यांचा दंड धरला.

“बाबा, ह्या बारीला माफी नाही.”

“उद्या गावात इपरीत व्हईल रे. पाणी बंद करतेल, मजुरी बंद करतेल.”

“चंद्रभान, तुम्ही नका जाऊ,” अप्पाराव पुढं आले. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता, पण ते पुढं आले हे खरं. “नागेशरावांकडं मी जातो. पंगतीत मी होतो, लाडू मी खाल्ला. बोलायचं ते मला बोलतील.”

“मीही येते,” सुमंगला मॅडम म्हणाल्या. जीव अजून थाऱ्यावर नव्हताच. पुढं काय वाढून ठेवलंय ह्याची धास्ती होती. पण आता ती धास्ती एकट्या तानुबाईंच्या घरची नव्हती. ती वाटली गेली होती.

माझ्या वाचकांनो, आपल्या गावातही अशी कनात असेल. कापडाची नसेल तर नुसती नजरेची असेल. सोसणाऱ्यानं आपली कहाणी सांगितली की त्याचं काम संपतं, त्यापुढचं काम ऐकणाऱ्याचं. माणसाला माणसाचा मान नुसत्या हळहळीनं मिळत नाही. ज्याच्या सोयीसाठी तो मान हिरावला गेला, त्यानं स्वतःची सोय मोडल्यावरच मिळतो. म्हणून कुणाची कर्मकहाणी ऐकून तुमचे डोळे भरून आले, तर आधी ते नीट पुसा, आणि बघा, आपलं ताट कुठं मांडलेलं आहे.