जोडण्याआधीचे तुकडे

लायसन्स कोण मेलं वाचतं? मी वाचलं ते निकेश गेल्यावर.

पेणला आम्हा दोघांचा धंदा होता. गणपतीच्या कारखान्यांच्या ऑर्डरी सांभाळणारा प्रोग्राम निकेशनं एकट्यानं लिहिला, विकायचं काम माझं. खांब गावाजवळ ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हापासून त्याच प्रोग्रामावर त्याच्या बायकोचं, भूमिकाचं घर चालत होतं.

नव्याण्णव साल उजाडलं आणि कळलं, पुढच्या वर्षी हे सगळं बंद पडणार. तारखांचं काम निकेशनं परदेशातल्या कुणी फुकट वाटलेल्या तयार कोडावर, म्हणजे लायब्ररीवर सोपवलेलं, आणि त्या लायब्ररीला दोन हजार साल कळत नव्हतं. सुधारलेली लायब्ररी मिळत होती, पण ह्यानं जुनी आपल्या प्रोग्रामातच कायमची जोडून टाकलेली! तेव्हा त्या लायब्ररीचं लायसन्स काढून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: अशी जोडलीत तर तुमच्या प्रोग्रामाचे जोडण्याआधीचे तुकडे गिऱ्हाइकाला द्या, म्हणजे त्याला नवी लायब्ररी घेऊन पुन्हा जोडता येईल.

"असतीलच गं तुकडे," मी भूमिकाला म्हटलं.

त्याचं मशीन उघडलं. काही म्हणता काही नाही. प्रोग्राम पुरा झाल्यावर पठ्ठ्यानं मूळ कोडासकट सगळं पुसलेलं. "अरे गाढवा, डोकं गहाण ठेवलं होतंस का?" मी त्या स्क्रीनवरच ओरडले. भूमिका भिंतीला टेकून खाली बसली.

तणतणतच जवळच्या जोहे गावाची एसटी पकडली. निकेशचे वडील, हिरामणकाका, कारखान्यात मूर्तीच्या खांद्यापाशी पॉलिशपेपर घासत होते. मी सगळं सांगितलं. "असं कुणी करतं का हो काका?"

त्यांचा हात थांबला.

"आमी करतो गो. मूर्तीचा हात जोडला का सांधा दिसाला नको. तुकडं, भुगा सगला झाडून टाकायचा, मंगच मूर्ती झाली म्हनायची. ल्हानपनी निकेश तुकडं जपून ठेवायचा, डब्यात. मी मारायचो त्याला."

एवढा वेळ मेलेल्या माणसाला शिव्या घालत आले होते मी.

"मंग आता त्याचा काम नाय वाचनार?"

"नाही काका. दुसरा कुणीतरी नवा प्रोग्राम लिहील. पण तो निकेशचा नसेल."

त्यांनी पॉलिशपेपर खाली ठेवला. हात धोतराला पुसले, तरी पांढरेच राहिले.

"सुनंला नको सांगू गो," ते म्हणाले. "मी त्याला मारायचो, ता."