आधी भिशी

दिवाळं काढलेला माणूस कसा दिसतो, हे पूर्णिमा मेश्रामनं पहिल्यांदा पाहिलं ते शंकर नगरातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या सोफ्यावर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ, आणि हातात बिनसाखरेचा चहा. तो चहा डॉक्टरांनी त्याच्यासाठी खास मागवला होता. नव्या रायपुरात दोन टॉवर अर्ध्यावर सोडून त्याच्या कंपनीनं हात वर केले होते. घरासाठी पैसे भरून बसलेली माणसं वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, आणि इकडे साहेबांचा रिपोर्ट पूर्णिमानंच छापून पाकिटात घातला होता. कोलेस्टेरॉलसुद्धा नॉर्मल.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

"पूर्णिमा मेश्राम वहीं काम करती है ना?" पलीकडचा आवाज इतका चढा होता की रक्त द्यायला रांगेत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. "उसको बोलो किस्त भरे. नहीं तो कल दो आदमी आके वहीं बैठेंगे, तुम्हारे सोफे पे."

तिनं फोन ठेवला. आतून डॉक्टरांची बायको बाहेर आली. लॅबचा सगळा कारभार तीच पाहायची. "दीदी, तीसरी बार हुआ ये. घर का लफड़ा काउंटर पे नहीं चाहिए मुझे. मंडे तक निपटाओ, नहीं तो मैं दूसरी लड़की देख लूँगी."

पूर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लफडं! तिनं काय चोरी केली होती? नवरा धर्मपाल सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर होता. गेल्या वर्षी रोलरमध्ये त्याचा उजवा हात सापडला. ठेकेदारानं सरळ सांगितलं, हा माणूस आमच्या रजिस्टरवर नाहीच. सात वर्षं रोज सकाळी याच ठेकेदाराच्या गाडीतून तो कामावर जात होता, पण रजिस्टरवर नाही! मग दवाखान्यासाठी फायनान्स कंपनीचं कर्ज, त्याचे हप्ते भरायला मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, आणि ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देऊ लागले तेव्हा त्यांच्या तोंडावर मारायला तिसरं कर्ज. आकडा दोन लाख ऐंशी हजारांवर गेला होता. तिचा पगार नऊ हजार.

चहा संपवून बिल्डर काउंटरशी आला. रिपोर्टचं पाकीट घेतलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना, सुनाई दे गया. कोर्ट में अर्ज़ी लगा दो. दिवालिया हो जाओ. कानून में है. इसमें शर्म काहे की?"

काहे की! त्याला नव्हतीच. तो बाहेर गेला, ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं आणि गाडी निघून गेली. पण त्याचं बोलणं मात्र दिवसभर पूर्णिमाच्या डोक्यात घण घालत राहिलं.

घरी तिनं विषय काढला तेव्हा धर्मपाल भिंतीकडे पाहत राहिला. मुलगी पायल बारावीला होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर नेहमी हिंदीत. "कर दो ना मम्मी. कंपनी वाले करते हैं तो पेपर में फोटो छपती है."

"आपला फोटो छापते का पाह्य कोणी," पूर्णिमा म्हणाली. पण बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोर्टात गेली.

नीलकंठ वकील कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसायचे. मूळचे भंडाऱ्याचे, केस पिकलेले. पूर्णिमाचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी कागद पुढं ओढला.

"होते ताई. कायदा इंग्रजाच्या जमान्यातला हाय, पण जिता हाय. कोर्टानं तुम्हाले नादार ठरवलं का मंग हे लोक कोर्टाले विचारल्याशिवाय तुमच्या मागं लागू शकत नाही. तुमचे भांडेकुंडे, अंथरूण-पांघरूण कोणी नेत नाही. आता सांगा, कोणाकोणाचं देणं हाय? एक बी नाव सुटलं नाही पाहिजे."

तिनं एकेक सांगितलं. फायनान्स कंपनी, दोन ॲप, औषधाच्या दुकानाची उधारी.

"आन मागच्या तीन महिन्यांत कोणाले काय देल्लं?"

"कोणालेच नाही. द्याले होतंच काय?" आणि मग ती जरा ताठ बसून म्हणाली, "भिशी मात्र चुकवली नाही. दर महिन्याले हजार. पोटाले चिमटा घेतला, पण आधी भिशी, मंग बाकी."

एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उजळ माथ्यानं सांगण्यासारखी उरली होती. नीलकंठ वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"हे बोलू नका ताई, कोर्टात."

"काहून?"

"कायद्याच्या लेखी ज्याचं देणं हाय ते सगळे सारखे. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्ही एकाले जाणूनबुजून देल्लं आन बाकीच्याले ठेंगा दाखवला, तर ती लबाडी धरतात. कोर्ट त्या बायांपासून ते पैसे परत मागू शकते."

पूर्णिमाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती अशी भडकली की शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबून पाहू लागला.

"मी लबाड? माह्या नवऱ्याचा हात तुटला त्या दिवशी फायनान्सवाला आला होता का दवाखान्यात? भिशीची चिठ्ठी शांतामावशीची निघाली होती, माही नाही! तिच्या घरावरचे पत्रे फुटले होते, त्याच्यासाठी ती वाट पाहून राहिली होती. अख्खे बारा हजार तसेच्या तसे माह्या वटीत टाकले तिनं, आन म्हणाली, तुही चिठ्ठी माही, मी शेवटी घेतो. शाळेत पोट्ट्यायची खिचडी शिजवते ती बाई! आन तिले आधी पैसे देल्ले तर मी लबाड? आन तो टॉवरवाला कोण? त्याले चहा पाजतात!"

"कायदा मी नाही केला ताई," वकील शांतपणे म्हणाले. त्यांना असे राग रोज पाहायची सवय असावी. "दोन रस्ते हायेत. भिशीचा कागद नसते, तर तिचं नावच घ्यायचं नाही. पण मंग खोट्या शपथेवर सही तुमची. नाहीतर आजपासून भिशीत एक रुपया टाकायचा नाही. तीन महिने थांबायचं, मंग अर्ज करायचा. जुने हप्ते तीन महिन्यांच्या मागं पडतात, त्या बायांपासून कोणी काही परत मागत नाही. ज्यांची चिठ्ठी राहिली असन त्यांची नावं यादीत टाकायची. त्यायले कोर्टाची नोटीस जाईन, आन जे काय वाटलं जाईन त्यातला वाटा भेटन. शंभरातले पाच, नाहीतर ते बी नाही."

म्हणजे सुटायचं असेल तर आधी शांतामावशीच्या तोंडाला पानं पुसायची, आणि तेही कायदेशीरपणे. पूर्णिमा उठली. 

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारातली वंदना आटोपली की गुढियारीत कलावतीच्या घरी भिशी बसायची. बारा बाया, बारा महिने. हा दहावा. मंदाकिनी, विनोदिनी आणि शांताबाई अशा तिघींचीच चिठ्ठी उरली होती, आणि त्यातली शांताबाई आपणहून शेवटची. कलावतीनं चटईवर स्टीलची ताटली ठेवली. एकेक जण पैसे टाकू लागली. पूर्णिमाच्या पर्समध्ये पाचशेच्या दोन नोटा होत्या. मंडेपर्यंत निपटाओ म्हणणाऱ्या बाईचा चेहरा सारखा डोळ्यापुढं येत होता. नोकरी गेली तर हे हजारही राहणार नव्हते.

ताटली पुढं आली. तिनं नोटा काढल्या, आदळल्यासारख्या ताटलीत टाकल्या आणि म्हणाली, "झाला गुन्हा! वकील म्हणते एक रुपया टाकू नको, आन मी टाकला."

"काय झालं वं?" कलावतीनं विचारलं.

पूर्णिमानं सगळं सांगून टाकलं. फोन, लॅब, बिल्डर, वकील, दोन रस्ते. तिचा आवाज चढत गेला. काहीच लपवलं नाही, उलट एकेक गोष्ट समोर आपटत गेली.

सगळ्यात आधी फुटली ती मंदाकिनी. "म्हणजे पुढच्या खेपेले माह्या भिशीत हजार कमी? माह्या पोट्टीची फीस भरायची हाय त्यातून! आन कोर्टाची नोटीस माह्या दारावर? माहा नवरा मले घरात घेईन का? त्या टॉवरवाल्याच्या लायनीत जाऊन बसून राहिली का तू बी?"

"मंग काय करू? खोटी शपथ घेऊ? तुमचं नावच नाही म्हणून सांगू?"

"सांग ना! नाव नको टाकू आमचं!"

"आन मंग तुमचे पैसे मी बुडवले तर तुम्ही कोणाले सांगसान? कागद तर नाही तुमच्याजवळ!"

"तू बुडवशीन?"

"मी नाही बुडवणार!" पूर्णिमा ओरडली. "पण फायनान्सवाला माह्या पगारावर येऊन बसला तर काय देऊ? हाड?"

विनोदिनीनं मध्ये तोंड घातलं, कलावतीनं तिला गप्प केलं, आणि चार-पाच जणी एकदम बोलू लागल्या. शांताबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून गुडघा चोळत बसली होती. तिनं हातानंच सगळ्यांना थांबवलं.

"पूर्णिमा, एक सांग. तो फायनान्सवाला बी राहीन का त्या यादीत?"

"राहीन मावशी."

"एकाच कागदावर? माह्या संग?"

"एकाच."

"आन जज जे देईन ते सगळ्यायले एकाच हिशेबानं?"

"हव. शंभरातले पाच भेटले तर त्याले बी पाच, तुले बी पाच." "तुह्या पत्र्याचे हजार हायेत मावशी. पन्नास रुपये भेटतीन तुले. पन्नास."

"भेटू दे." शांताबाई ताटलीजवळ सरकली. "मागच्या महिन्यात तो वसुलीवाला तुह्या दारात उभा राहून धर्मपालले म्हणे, एक हात हाय ना अजून. मी नळावर होतो. आयकलं मी. रात्रभर झोप नाही लागली मले. भेटला असता तर खिचडीच्या उलथन्यानं हाणला असता."

धर्मपालनं ही गोष्ट बायकांना सांगितली नव्हती. पूर्णिमानंही नाही.

"आता तो राहीन जजसमोर उभा," शांताबाई म्हणाली, "आन मी बी. साहेब म्हणतीन, घे तुहे पाच. त्याले ते पाच घेताना मले पाह्यचं हाय. मी घेईन माहे पन्नास, हात पुढं करून, लाज नाही वाटत मले. त्याले वाटते का पाहू. लिही माहं नाव. पत्ता पुरा टाक, गल्ली-पाऱ्याच्या नावासकट, नोटीस चुकली नाही पाहिजे. आन ते पैसे उचल."

"कोणते?"

"ताटलीतले. वकिलानं सांगतलं ना टाकू नको."

पूर्णिमाला वाटलं होतं, पैसे टाकणं कठीण. आता उचलायला हात पुढं होईना. दहा महिने ती याच ताटलीच्या भरवशावर मान वर करून जगली होती. लॅबमध्ये ऐकून घेतलं, दारात ऐकून घेतलं, पण या चटईवर कोणी तिला बोट दाखवू शकत नव्हतं. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला.

"उचल वं," मंदाकिनी खेकसली. तिचे डोळेही लाल झाले होते. "माहं बी नाव लिही. विनोदिनीचं बी. नवऱ्याचं मी पाहून घेईन. पण मी खुश नाही हाय, समजली का? माह्या पोट्टीचे हजार हायेत ते. नादार झाली तरी मी विसरणार नाही."

"मी बी नाही विसरणार," पूर्णिमा म्हणाली.

तिनं दोन्ही नोटा उचलल्या. अकरा जणींच्या देखत पर्समध्ये टाकल्या, चेन लावली. कलावतीनं उरलेले पैसे मोजले, अकरा हजार, आणि चिठ्ठी काढली. विनोदिनीची निघाली. नेहमीसारखा चहा झाला, चिवडा झाला, पण कोणी फारसं हसलं नाही.

निघताना शांताबाई गुडघ्यावर हात ठेवत तिच्यामागं दारापर्यंत आली.

"तारीख भेटली का सांगजो," ती म्हणाली. "आठ दिवस आधी. शाळेतून सुटी मांगा लागते मले."