चोरखटका

किशोरनं बोनेट धाडकन आपटलं, तशी ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेली लीलाबाई कडाडली, "हळू रे मुडद्या! तुझ्या बापाची हाय का गाडी?"

"काकी, बॅटरी नवी टाकली, फिल्टर बदलला, पंप खोलून परत बसवला," किशोर चिंधीला हात पुसत म्हणाला. "स्टार्टर गरागरा फिरतोय, पर इंजिन काय बोलत न्हाई. आता टोचन लावून पुण्याला न्यावी लागंल."

"टोचन लावून वढायला ते काय मेलेलं ढोर हाय? उभी हाय तितं उभी ऱ्हाऊ दे."

पिकअपच्या आत दिशा बसली होती, लीलाबाईची सून. सीट पार मागं सरकवलेली, म्हणून बिचारी पुढच्या कडेला टेकून पाय ताणत होती, तेव्हा कुठं अंगठा क्लचला लागत होता. शेखर ताडासारखा उंच. सीट त्याच्या पायांच्या मापाची. आषाढात एका सकाळी त्यानं गाडी अंगणात लावली, लावणीला खाचरात गेला, आणि चिखलातच छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून गाडी तिथंच. दिशानं एकदा सीट पुढं घ्यायला खालची दांडी धरली, तर सासूनं घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या लेकाच्या सीटला हात लावायचा न्हाई. आधी गाडी चालू तर हुंदे!"

दिशा खाली उतरली. किशोर फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आत्याबाई, पियूषदादा रविवारी येतोय."

पियूष तिचा भाऊ, पुण्यात बावधनला राहणारा.

"गाडी चालू झाली असती तर मी इथंच राहिले असते. आपला इंद्रायणी तांदूळ भरून भूगावच्या सोसायट्यांमध्ये नेला असता. त्यासाठीच लायसन्स काढलं ना मी? आता बसून काय करू इथं? दादा एका ऑफिसात लावतो म्हणालाय. सृष्टीला, माझ्या लेकीला, घेऊन जाते."

"जा की. तुला काय दाव्यानं बांधलीय?"

लीलाबाईनं सुपावरची नजर काढली नाही. तांदूळ मात्र पाखडतच राहिली. त्यातला कोंडा कधीच उडून गेला होता.

कारण इंजिन का बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं. गावात गाडीची चावी गाडीतच ठेवायची रीत. कुणाला साप चावला, कुणाची बाळंतीण अडली, तर मालकाला हाका मारत कोण बसणार? गाडी घ्यायची आणि निघायचं. मालकाला सकाळी कळायचं. पण शहर जवळ आलं तशी ही रीत चोरांनाही कळली. मागल्या साली खालच्या आळीतल्या विश्रामची पिकअप दारातनं गेली. विश्राम दोन दिवस गप्प बसला होता, कुणीतरी नडीला नेली असंल म्हणून.

शेखरनं त्याचा धसका घेतला. त्यानं गाडीत चोरखटका बसवून घेतला. स्टेअरिंगच्या खाली फ्यूजची डबी, तिच्या मागं, काळ्या टेपात गुंडाळलेला, बोटाच्या पेराएवढा. खटका वर असला की डिझेलच अडायचं. मग चावी फिरवून हात मोडला तरी इंजिन हूं की चूं करत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडीची पूजा झाली, तेव्हा त्यानं आईला आत बसवलं आणि तिचं बोट धरून खटक्यावर नेलं.

"पैला हात तुझा, आई. आन कुणाला सांगायचं न्हाई. दिशालाबी न्हाई. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

लीलाबाईनं तो दिवस मनात सोन्यासारखा जपला. लग्न झालं की लेक बायकोचा होतो, हे तिनं जगाला सांगितलं होतं आणि स्वतःही गिळलं होतं. पण एवढा बोटाच्या पेराएवढा लेक तिचा राहिला होता.

शेखरचं तेरावं झाल्यावर किशोर पहिल्यांदा आला, तेव्हा ती सांगणारच होती. पण दिशा स्टेअरिंगमागं बसलेली दिसली आणि जीभ टाळूला चिकटली. गाडी चालू झाली की सीट पुढं येणार. आरसा खाली वळणार. शेजारच्या सीटवर टाकलेला त्याचा पंचा कुणीतरी धुवून वाळत घालणार. रोज सकाळी लीलाबाई ओल्या पदरानं पुढची काच पुसायची, मग त्या पंच्याशेजारी जाऊन बसायची. रिकाम्या सीटकडं बघत नसायची. नुसती बसायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता भात पोटरीला आला, कापला, झोडला. आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं, याला उत्तर नव्हतं. आणि निरुत्तर व्हायची लीलाबाईला सवय नव्हती.

शनिवारी सकाळी सृष्टीच ओरडत आली. "आज्जे, गाडी चालत गेली!"

गाडी फाटकापाशी आडवी उभी होती. दाराची काच फुटलेली, हँडब्रेक सोडलेला, कुलपात कसलीतरी खोटी चावी तशीच लटकत होती. चोरांनी ढकलत उतारापर्यंत आणली, चावी फिरवून फिरवून थकले आणि पळाले असणार. आळी गोळा झाली. विश्राम आला, किशोर आला.

"काकी, तुमची तर देवानंच राखली," विश्राम म्हणाला.

"देवानं कशाला? माझ्या लेकानं राखली!" लीलाबाईची मान ताठ झाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला पूर्वीची धार आली. "म्हणावं या परत! धा जण या! खटका वर हाय तवर चोराचा बाप आला तरी ही गाडी बोलायची न्हाई!"

"कसला खटका, काकी?" किशोरनं विचारलं.



दिशा ओट्यावर सृष्टीची वेणी घालत होती. तिनं ते ऐकलं.  वेणी पुरी केली, गाठ मारली. मग येऊन म्हणाली, "किशोरभाऊ, विश्रामभाऊ, तुम्ही जावा आता घरी."

माणसं गेली. दिशा गाडीत चढली, खोटी चावी काढून फेकली, पदराची खरी चावी लावली. लीलाबाई दुसऱ्या बाजूनं चढली, पंचा उचलून मांडीवर घेतला. वाकून तिनं डबीमागं हात घातला. टक्.

"न्यूटरलला हाय का बघ, काठी हलवून," ती म्हणाली. आवाज तिचाच, पण त्यातला खडा गेलेला. शेखरशेजारी बसून बसून तिला हे पाठ झालं होतं. "हँडब्रेक वढ. क्लच दाब. पुरा दाब."

"पाय पुरत नाही."

 लीलाबाईनं खाली हात घालून सीटची दांडी वर उचलली. "धरून बस. सरक पुढं."

खर्रर करत सीट पुढं आली. शेखरच्या पायांची जागा भरून गेली. सीट होती तिथं खाली वाळलेल्या चिखलाचे दोन पापुद्रे पडलेले होते, त्याच्या चपलेवरून गळून मागं सरकलेले. दोघींनीही ते बघितले.

"चावी एक घर फिरव. पिवळा दिवा विझंस्तवर थांब. हां. आता मार."

इंजिन एका दमात बोललं. अंगणातल्या कोंबड्या फडफडत पांगल्या, आणि सृष्टी ओट्यावर टाळ्या पिटत नाचायला लागली. तिला वाटलं, सगळं नीट झालं.

दिशानं कपाळ स्टेअरिंगला टेकवलं.

"ह्यांनी मला सांगितलं नाही, ते सोसलं असतं मी. पण मी रोज चावी फिरवायचे, आत्याबाई. बाई गं, माझ्यासाठी चालू हो, म्हणायचे. गाडीला हात जोडायचे. तुम्ही ओट्यावरच असायचा. तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"येत व्हतं," लीलाबाई म्हणाली.

खोटं बोलणं तिच्यानं झालं असतं. गावाशी ती हजारदा बोलली होती.

"आता चालू झाली की," ती पुढं म्हणाली. "ऱ्हा. इंद्रायणी भर. तुला पायजे तसं कर."

"तो खटका चोरासाठी होता ना? मग मी कोण होते या घरात?"

लीलाबाईला उभ्या जन्मात माफी मागता आली नव्हती. शब्द तोंडाशी येईपर्यंत त्याचा टोमणा व्हायचा. म्हणून ती पंच्याची घडी घालत राहिली, घातलेली मोडत राहिली.

रविवारी पियूष मोटरसायकलवर आला. दिशानं दोन बॅगा ओट्यावर आणून ठेवल्या. लीलाबाईनं त्या उचलून गाडीच्या हौद्यात टाकल्या.

"गाडीत कशाला?" दिशा म्हणाली.

"घेऊन जा. शेखरची हाय म्हंजी सृष्टीची हाय. हितं उभी ऱ्हाऊन गंजंल."

"आत्याबाई..."

"तुज्यावर उपकार करीत न्हाई. बस वर."

फाटकापाशी गाडी आचका देऊन बंद पडली. "क्लच हळू सोड गं!" लीलाबाई ओरडली आणि पदर खोचून धावतच खिडकीपाशी गेली. फुटक्या काचेच्या जागी किशोरनं पुठ्ठा लावला होता, त्याच्या फटीतनं ती बोलत सुटली, "तिकडं लई गाड्या चोरीला जात्यात. उजेडाखाली लावत जा. उतरताना गिअरमधी टाक, हँडब्रेक वढ. काच आधी बसवून घे. चावी आत ठिवायची न्हाई, तितं कुणाचं बाळंतपण अडलंय? आन खटका..."

"वर करायचा."

"आन कुणाला सांगायचं न्हाई."

दिशानं तिच्याकडं बघितलं. डोळे भरले होते, पण नजर खाली गेली नाही.

"सृष्टीला सांगणार मी," ती म्हणाली.

लीलाबाईनं मान हलवली. मधल्या सीटवरनं सृष्टी दोन्ही हात हलवत होती. गाडी उताराला लागली, वळली, धरणाच्या रस्त्याला गेली. पियूषची मोटरसायकल तिच्या मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाईनं रोजच्यासारखा पदराचा शेव हंड्यातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि ती अंगणात आली. गाडी होती तिथं तेलाचा डाग होता, भोवती आषाढापासून न झाडलेला पाचोळा. कोंबड्या तो उकरत होत्या. ओला पदर तिनं कमरेला खोचला. मग कोपऱ्यातला खराटा घेऊन तिनं ती जागा झाडायला घेतली.