दुसऱ्यांदा रेघ नाही

काचवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात 'फुटली' म्हणायला बंदी होती. काच फुटते ती धसमुसळ्या गिऱ्हाइकाच्या हातून, असं त्याचं म्हणणं. कारागीर ती तोडतो, आणि तीही हवी तिथेच. बरोबर तुटली की 'टक्' असा एकच आवाज येतो. 'कर्र' झालं की समजावं, काचही गेली आणि अब्रूही.

गेल्या वर्षीच्या आजारपणात म्हाताऱ्याच्या हातांना कंप सुटला आणि कटर थोरल्या मुलीच्या हाती आलं. वर्षभर थोरलीने खिडक्यांच्या, कपाटांच्या, फोटोंच्या काचा कापल्या. बाबा टेबलाकडे पाठ करून स्टुलावर बसायचे, कान देऊन ऐकायचे आणि 'चालेल' म्हणायचे. त्या 'चालेल'ने तिचं डोकं फिरायचं. फुकट जेवून गेलेला पाहुणासुद्धा याहून बरं बोलतो.

मग वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांच्या दाराची जुनी काच तडकली होती, एका अंगाला गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला उभ्या पन्हळीची. तसली काच आता कुणी बनवत नाही. दुकानात तिचा एकच तुकडा शिल्लक होता.

"तुम्ही स्वतः कापणार ना?" बाईंनी विचारलं.

बाबांनी हात खिशातच ठेवले आणि "हो" म्हणाले.

"खोटं कशाला बोललात?" बाई गेल्यावर थोरलीने विचारलं.

"खरं बोललो असतो तर त्या दुसरीकडे गेल्या असत्या." बाबांनी मानेनेच त्या शिल्लक तुकड्याकडे खूण केली. "ही नीट तुटली तर दुकान तुझं. नाहीतर तुझा धाकटा भाऊ म्हणतो तसं शटर ओढू आणि मी जातो त्याच्याकडे राहायला."

म्हणजे वर्षभराचं काम एका तुकड्यावर आलं. थोरलीला राग आला आणि भीतीही वाटली, पण तिने काच टेबलावर घेतली. गुळगुळीत अंग वर, कटरच्या चाकाला रॉकेल, पट्टी घट्ट. तिने रेघ ओढायला घेतली. चाक सरसरत पुढे गेलं आणि दोनतृतीयांश अंतरावर एका कणावरून उडालं. रेघ पूर्ण झाली खरी, पण मध्ये बोटभर जागा कोरी राहिली.

बाबांनी ते ऐकलं होतं. "परत फिरव," ते पाठमोरेच म्हणाले.

थोरलीचा कानांवर विश्वास बसेना. ओढलेल्या रेघेवर पुन्हा चाक फिरवलं की कड चुरते आणि काच वाटेल तिकडे तुटते. याच चुकीसाठी बाबांनी तिला लहानपणी भर दुकानात रडवलं होतं. आज घाबरून ते स्वतःच सगळं विसरले होते.

"नाही बाबा. दुसऱ्यांदा रेघ नाही."

"मी सांगतोय ना."

"तुम्हीच शिकवलंत. आता गप्प बसा."

तिने काच टेबलाबाहेर जरा सरकवली आणि कटरच्या दांड्याने खालून हलकेच ठोकायला सुरुवात केली. रेघेखाली काचेत चीर धरली, ती चंदेरी चमकत पुढे सरकली आणि कोऱ्या जागेपाशी येऊन थांबली. जोर वाढवायचा मोह तिने आवरला आणि तेवढ्याच हाताने आणखी एकदा ठोकलं. चंदेरी धागा कोरी जागा ओलांडून पलीकडच्या रेघेला मिळाला. तिने रेघ टेबलाच्या कडेवर आणली, काच दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली.

टक्.

बाबा स्टुलासकट वळले. कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, इकडून तिकडे, मग परत. 'चालेल' काही आलं नाही.

"मला जमलं नसतं," ते म्हणाले.

दुपारी बाई आल्या आणि काच बघून खूश झाल्या. "हात अजून तस्साच आहे हो तुमचा."

बाबांनी दोन्ही हात खिशातून काढून त्यांच्यापुढे धरले. ते थरथरत होते, आणि बाबांनी ते थरथरू दिले. "या हातांनी? काच थोरलीने तोडली. दुकान तिचं आहे. यापुढे तिच्याशीच बोला."

थोरलीचा वर्षभराचा सगळा राग त्या बोलण्याने निवळला.

बाई तिच्याकडे वळल्या. "मग बसवायला कधी येता?"

"आत्ताच," थोरली म्हणाली आणि तिने काच उचलली. "बाबा, दार धरा."

बाबांनी दार धरलं.